डोळा लागला होता

बाबा, तुम्ही दारू पीत नव्हता असं मला आता वाटतं. तुम्हाला जाऊन चौतीस वर्षं झाली आणि हे एवढं वाक्य आज लिहिता आलं, तेही पेन दोनदा खाली ठेवून. मी आता तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. वाशीमला राहते, शहराबाहेरच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. आज रविवार आहे, नवरा सोयाबीन पाहायला शेतावर गेलाय, घरात कोणी नाही. कोणी असतं तर मी लिहायला बसले नसते. घरात कोणी एकटं बसून काही करत असलं की बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची, हे मी तुमच्याच घरात शिकले आणि ती सवय अजून गेली नाही. दार लावूनच लिहितेय.

तुम्ही कामरगाव ते कारंजा जीप चालवत होता. जीप तुमची नव्हती, गावातल्या एका मालकाची होती, पण तिच्या काचा पुसताना तुम्हाला पाहिलं की ती तुमचीच वाटायची. अंगानं तुम्ही काटकुळे. हनुवटी इवलीशी, आत गेलेली. डोक्याला दुपट्टा गुंडाळला की ओठाखाली चेहरा संपूनच जायचा. ती हनुवटी मला मिळाली. लहानपणी मला तिचा राग यायचा.

सकाळी उठल्या उठल्या तुम्ही तांब्याभर पाणी एका दमात प्यायचा, रात्रभर तोंड उघडं राहून घसा कोरडा पडलेला असायचा. मग तो दुपट्टा कपाळाला करकचून बांधून चुलीजवळ बसायचा. "डोकं जड हाय," एवढंच म्हणायचा. चहाचा कप हातात धरून डोळे मिटायचे. माय काही विचारायला गेली की अंगावर यायचा आणि लगेच गप्प व्हायचा. कोणाकडून भाडं घेतलं, कोणाकडून राहिलं, हे विसरायचा. रात्री तीन-चार वेळा उठून मागच्या अंगणात जायचा. आणि घोरणं तर असं, की शेजारची काकू मायला विचारायची, "बाई, तुमच्या घरी रातभर चक्की चालू राह्यते काय?" माय हसायची नाही. तिच्या मनात हे सगळं एकाच खात्यावर जमा होत होतं. सकाळी डोकं दुखतं, म्हणजे रात्रीची उतरली नाही. दुपारी झोप येते, म्हणजे वाटेत कुठे तरी थांबून घेतली. चिडतो, म्हणजे मिळाली नाही. तुम्ही काहीही केलं तरी त्याचा अर्थ तोच निघायचा.

एका सकाळी तिनं जीपच्या सीटखालून पव्वा काढला, देशी दारूची ती चपटी बाटली. तुम्ही टायरमधली हवा पाहत होता. मी पायरीवर दप्तर भरत होते.

"हे काय हाय?"

"पानी हाय त्याच्यात."

"पव्व्यात पानी कोन ठेवते?"

"डोळ्याले मारतो. गाडीवर झापड येते मले. सीटखाली दुसरी बाटली बसत नाही."

मायनं बूच काढून वास घेतला. मग बाटली माझ्या नाकाशी धरली. "तू सांग." मला कसलाच वास आला नाही. मी तिच्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं आणि दप्तर भरत राहिले. तुम्ही बाटली घेतली, तिच्यातलं पाणी ओंजळीत ओतून आमच्यासमोर तोंडावर मारलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसलात. माय म्हणाली, "आज पानी हाय. कालचं कोनाले मालूम?"

त्या उन्हाळ्यात मी अकरा वर्षांची होते. शाळेला सुट्टी लागली तशी मायनं मला जवळ बसवून वेणी घालता घालता सांगितलं, "चार दिवस जाय बाबासंग गाडीवर. कुठी थांबते, कोनासंग बसते, काय पेते, समदं पाहून ठेवजो. अन् जवळ बसशीन तं तोंडाचा वास घेजो." तुम्हाला वाटलं पोरीला फिरायची हौस आहे. तुम्ही मला पुढे, तुमच्या शेजारी बसवलं, सीटवर टॉवेलाची घडी घालून दिली. मी त्या घडीवर बसून तुमच्यावर पाळत ठेवली.

चार दिवसांत मी काय पाहिलं ते सांगते. तुम्ही शर्टाच्या वरच्या खिशात हिरव्या मिरच्या ठेवत होता. गाव सुटलं, रस्ता सरळ झाला की एक काढून कचकन चावायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. मिरची संपली की सुपारी, ती संपली की पुन्हा मिरची. आणि मला म्हणायचा, "बोलत राय माय. शाळेतलं सांग, कायबी सांग. चूप नोको राहू." मी पाढे म्हणत होते. पंधराचा पाढा संपून सोळाचा सुरू झाला की तुमचं हूं-हूं बारीक व्हायचं, मान पुढे पडायची आणि झटक्यानं वर यायची. मागे बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहायच्या. एक म्हातारे बाबा भाडं देताना मुद्दाम तुमच्या तोंडाजवळ तोंड आणून बोलले, तेही मी पाहिलं. मी एकटीच वास घेत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी कारंजाच्या स्टँडबाहेर गाडी भरायला वेळ होता. लिंबाच्या झाडाखाली पोतं अंथरून तुम्ही आडवे झालात आणि पाठ टेकायच्या आत घोरायला लागलात. मी जवळ बसले होते. घोरणं चढत चढत गेलं आणि मधेच तुटलं. एकदम शांतता. तुमची छाती वर-खाली होत होती, पोट ओढलं जात होतं, पण नाकातोंडातून हवा येत-जात नव्हती. मी नाकासमोर बोटं धरून पाहिली. मनात अंक मोजायला लागले. वीसच्या पुढे गेले तेव्हा मला रडू यायला लागलं. मग बुडालेला माणूस पाण्याबाहेर यावा तसा मोठा आवाज करून तुम्ही श्वास घेतला, अंग झटकलं, डोळे अर्धे उघडले, मला ओळखलं नाही, आणि पुन्हा घोरायला लागलात. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मी पळत चहावाल्याकडे गेले. त्यानं लांबूनच मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "दारू पेनाऱ्याची झोप अशीच राह्यते बाई. घाबरू नोको. उठते आता."

त्यानं ते किती सहज सांगितलं. मला माझ्या भीतीचं उत्तर मिळालं आणि मायच्या प्रश्नाचंही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मायनं भाकरी थापता थापता विचारलं, "आला वास?" चार दिवस जाऊन आपल्याला काहीच सापडलं नाही, हे सांगायची मला लाज वाटली. मी म्हणाले, "हो. थोडासा."

पुढच्याच आठवड्यात मामा आला. तुम्हाला पोहरादेवीला नेऊन देवीसमोर शपथ घ्यायला लावायची असं ठरलं. तुम्ही ओट्यावर बसून सगळं ऐकून घेतलं. "जे करतच नाही ते सोडू कसं?" तुम्ही विचारलं. मामा म्हणाला, "करत नसशीन तं शपथ घ्यायले तुहं काय जाते?" त्यावर तुमच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, पण मी मामाच्या मागे उभी होते. पोहरादेवीपर्यंत जीप तुम्हीच चालवली. स्वतःच्या शपथेला तुम्ही स्वतःच आम्हाला घेऊन गेलात. तिथे हातपाय धुतले, डोक्याचा दुपट्टा सोडला, आणि मामानं जसं सांगितलं तसं शब्दाला शब्द म्हणालात, की आजपासून दारूला हात लावणार नाही. आजूबाजूला चार-पाच अनोळखी लोक होते, त्यांनी ऐकलं. परत येताना मामा पुढे बसला, मी मागे. टॉवेलाची घडी तशीच पुढच्या सीटवर होती, मामा तिच्यावर बसला होता.

शपथेनं झोप कशी थांबणार होती, बाबा? पंधरा दिवसांत तुम्ही पुन्हा स्टँडवर मान टाकून झोपलेले दिसलात. आधी लोक तुम्हाला पिणारा म्हणत होते, आता देवीसमोर खोटं बोलणारा म्हणायला लागले. माय तुमच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची आणि उठून जायची.

आणि मग तो अपघात. दुपारची वेळ, लख्ख ऊन, सरळ रस्ता. समोर गाडी नाही, आडवं ढोर नाही. जीप हळूहळू डावीकडे गेली, नाली ओलांडून कापसाच्या वावरात उतरली आणि बांधाला धडकली. मागे बसलेल्यांनी सांगितलं की ब्रेकच लागला नाही. एका म्हातारीचा हात मोडला. तुम्ही तिला स्वतः उचलून रस्त्यापर्यंत आणलं, असंही त्यांनीच सांगितलं, पण ते मला फार वर्षांनी कळलं. त्या दिवशी गावात एकच गोष्ट पोचली. पोलीस तुम्हाला दवाखान्यात घेऊन गेले, रक्त घेतलं. तुम्ही सगळ्यांना एकच सांगत होता, "डोळा लागला होता. फक्त डोळा लागला होता." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुमचं बीपी पाहून गोळ्या लिहून दिल्या, त्या तुम्ही महिनाभर खाल्ल्या असतील. रक्ताचा कागद खूप उशिरा आला. त्यात दारू नव्हती. मामा म्हणाला, "मालकानं चारले असन पैसे. गाडी त्याची नं." इतका पक्का होता आमचा संशय, की कागदालाही त्यानं आपल्यात ओढून घेतलं. मालकानं तुमच्या हातून किल्ली घेतली ती पुन्हा दिली नाही. मग दोन वर्षं तुम्ही लोकांच्या वावरात कामाला जात होता आणि तिथेही दुपारी बांधावर झोपत होता.

तुम्ही गेलात ते पहाटे, झोपेत. माय उठवायला आली तेव्हा अंग थंड होतं. सेहेचाळीस वर्षांचे होता. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. अंगणात बसलेल्यांपैकी कोणी तरी म्हणालं, "पेनाऱ्याचं काळीज असंच जाते." चौदा वर्षांची मी आत बायांमध्ये बसले होते. मला दुःखापेक्षा लाज जास्त वाटत होती. ते तसंच होतं.

आता माझं ऐका. तीन वर्षांपासून मला बीपी आहे. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, तरी आकडा खाली येईना. सकाळी उठलं की कपाळावर कोणी पाटा ठेवल्यासारखं. रात्री आठ तास झोपूनही दिवसभर अंग जड. मुलांची नावं तोंडात यायची नाहीत. मी थायरॉइडवर संशय घेतला, वयावर घेतला, शाळेच्या पोषण आहारावरसुद्धा घेतला. झोप नीट लागत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या आणल्या आणि नवऱ्याला न सांगता खायला लागले. त्यानं डोकं आणखीच जड झालं. मग एक दिवस वर्गात भागाकार शिकवून खुर्चीवर बसले आणि जाग आली तेव्हा वर्ग अगदी शांत होता. पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्या हाताला बोट लावून पाहत होती. तिच्या डोळ्यांत भीती होती. हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावून विचारलं, "मॅडम, रातभर मोबाईल पाहून राह्यल्या काय?" मी म्हणाले, बीपी आहे सर. त्यांचा विश्वास बसला नाही, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. मी स्वतः तसंच पाहत आले होते.

नवरा बरेच दिवस म्हणत होता, "झोपीत तुहा श्वास अटकते. मी हालवतो तवा येते." मला वाटायचं, घोरण्याचा त्रास होतो म्हणून वाढवून सांगतोय. मग मला कळलं की तो मोबाईलवर माझा आवाज रेकॉर्ड करून ठेवतो. मी चिडले. कोणाला ऐकवायला जमवतोय हे, सासरच्यांना? तो म्हणाला, "तुलेच. दुसऱ्या कोनाले काय करायचं हाय?" दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं मोबाईल टेबलावर ठेवून चालू केला. आधी घोरणं, चढत जाणारं. मग तुटलं. शांतता. मी नकळत अंक मोजायला लागले. वीसच्या पुढे. आणि मग तो आवाज, पाण्यातून वर आल्यासारखा. बाबा, तो माझा आवाज नव्हता, तुमचा होता. मी मोबाईल बंद केला.

वाशीमच्या डॉक्टरांनी, तरुण मुलगा आहे, सगळं लिहून घेतलं. सकाळी डोकं दुखतं का, तोंड कोरडं पडतं का, रात्री लघवीला किती वेळा उठता, बसल्या बसल्या, गाडीवर झोप येते का. प्रत्येक प्रश्नाला मला तुम्ही दिसत होता. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होतं?"

"वडिलांना होतं," मी म्हणाले. "पण ते पीत होते."

"तुम्ही पिताना पाहिलं होतं?"

त्यांनी सहज विचारलं. त्यांना फक्त रकाना भरायचा होता. मी म्हणाले, "नाही." त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

तरी मी त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवला असं नाही. झोपेत श्वास अडकतो, मशीन लागेल, असं ते म्हणाले, आणि मला वाटलं, त्यांना मशीन विकायचं असेल. अकोल्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि पहिल्यांचं नावही सांगितलं नाही. त्यांनीही तेच विचारलं. छातीला पट्टा, नाकाखाली बारीक नळी आणि बोटाला चिमटा, असं एक छोटं यंत्र घरी दिलं, ते लावून झोपायचं. सकाळी ते परत दिलं तर कागदावर माझी आख्खी रात्र उतरलेली होती. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, वाट बंद होते. छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो, पुन्हा झोप, पुन्हा बंद. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. त्याला वाटतं आपण रात्रभर झोपलो. "तुमच्या तीन गोळ्या याच्याशी भांडत होत्या," त्या म्हणाल्या. असंच चालू राहिलं तर बीपी वाढतं, साखर बिघडते, हृदयाचे ठोके चुकतात, झटका येऊ शकतो, लकवा होऊ शकतो. आणि गाडी चालवणाऱ्याचा तर डोळा कधी लागेल सांगता येत नाही. झोपेच्या गोळ्या त्यांनी त्याच दिवशी बंद करायला लावल्या. त्यानं घसा आणखी सैल पडतो म्हणे. मी म्हणाले, माझे वडील काटकुळे होते, हे तर जाड माणसांना होतं ना? त्यांनी माझ्या हनुवटीखाली बोट धरलं. "जबडा असा लहान असला की आत जिभेला जागाच कमी. बारीक माणसालाही होतं."

आता मी नाकावर मास्क लावून झोपते. मशीन रात्रभर हवा सोडत राहतं आणि घसा उघडा ठेवतं. पहिले आठ दिवस मला ते घुसमटल्यासारखं झालं, मास्क काढून फेकावासा वाटायचा. नवव्या की दहाव्या सकाळी उठले आणि कपाळावर काहीच नव्हतं. मी पलंगावर बसून राहिले. लोक रोज असे उठतात? मला आनंद व्हायला हवा होता, पण राग आला. कोणाचा ते कळेना. तुम्ही दुपट्टा बांधून चुलीजवळ बसलेले दिसत होता, आणि तुमच्यासमोर उभी राहून वास घेणारी मी.

मग मी मायकडे गेले. ती कामरगावलाच आहे, थकलीय, पण कान चांगले आहेत. ओसरीवर बसून तूर निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचा पहिला शब्द काय असेल ते तुम्ही ओळखलं असेल. "डॉक्टरले मशीन इकायचं असन." मी म्हणाले, दोघांनी तेच सांगितलं. ती सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "मंग पव्व्यात पानीच होतं?"

"पाणीच असेल, माय."

"तू तं म्हने वास आला."

मी सदतीस वर्षं या वाक्याची वाट पाहत होते. म्हणाले, "मी खोटं बोलली होती."

ती चिडली नाही. सूप बाजूला ठेवलं. "मले बी कधी आला नाही," ती म्हणाली. "एकडाव बी नाही. मले वाटे मीच येडी हावो का, मानसावर उगाच शक घेतो. तू म्हनलं का आला, तवा मले बरं वाटलं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुले एक सांगतो. तुह्या मामानं बजारातून पावडर आनून देल्ली होती, दारू सोडायची. मी त्याच्या वरनात टाकत होती. दोन वर्षं टाकली. त्याले नाही सांगतलं."

मला हे माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती. "त्यानं तं नाही गेला तो?"

त्या पुडीत काय होतं कोणाला माहीत? राख असेल, गुंगीचं काही असेल. अकोल्याच्या बाईंना मी नंतर फोनवर विचारलं, त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी कोणीच सांगू शकणार नाही. मायला मी त्याच क्षणी म्हणाले, "नाही माय, त्यानं नाही." ती मला ओळखून आहे. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "पोराची हनवटी बी तशीच हाय. त्याले इथं आन अन् दुपारी निजव. मी बसतो जवळ." माझा मुलगा पुण्याला नोकरी करतो, रोज मोटरसायकलनं जातो. तो सुट्टीला आला तेव्हा तिच्याकडे दोन दिवस राहिला. दोन्ही दुपारी ती त्याच्या उशाशी बसली, पापणी न हलवता. आणि मला फोन करून सांगितलं, "अटकते. दोन बार अटकला. त्याले दाखव." मुलगा हसला, आजीच्या मोजण्यावर त्याचा विश्वास नव्हता, पण गेला. त्याला सुरुवात आहे, असं तिथले डॉक्टर म्हणाले. जबड्यासाठी दातांवर बसवायचं काही तरी दिलंय, कुशीवर झोपायला सांगितलंय. तो लावतो का नाही, याचा मला रोज संशय येतो आणि मी रोज विचारते.

हे पत्र शाळेच्या जुन्या वहीत लिहितेय, ते तिथेच राहील. एक गोष्ट मात्र राहिली. तुमच्यासोबत त्याच रस्त्यावर दुसरी जीप चालवणारे काका अजून आहेत, कारंजाला मुलाकडे राहतात. डॉक्टरांचे दोन्ही कागद माझ्याजवळ होते, मायचं बोलणं झालेलं होतं, तरी मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. घरी सांगितलं शाळेचं काम आहे. काकांनी मला ओळखलं. "तुहा बाबा मानूस लय चांगला," ते म्हणाले. "झोपाळू होता फक्त." मी तासभर बसले. दोनदा चहा झाला. तुमचं बोलणं, तुमच्या मिरच्या, अपघातात तुम्ही म्हातारीला उचलून आणलं ते, सगळं त्यांनीच सांगितलं. मला एकच विचारायचं होतं: काका, बाबा कधी घेत होते का? प्रश्न ओठांवर होता. मी तो न विचारता उठले.

नवऱ्याला मी नंतर सांगितलं, की मला विचारायची गरजच वाटली नाही. तुम्हाला खरं सांगते, बाबा. ते हो म्हणाले तर, याची मला भीती वाटली.